औषधाचा त्रास झाल्यास नोंद कशी करावी? औषध सुरक्षा सूचना – लाभार्थ्यांसाठी संपूर्ण माहिती

थोडक्यात

• सरकारी दवाखाना, जनऔषधी केंद्र किंवा खासगी मेडिकल, कोठूनही घेतलेल्या औषधामुळे त्रास झाला असे वाटल्यास तुम्ही स्वतः त्याची नोंद करू शकता.
• नोंदीसाठी टोल-फ्री क्रमांक : १८००-१८०-३०२४ (सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते सायंकाळी ५.३०).
• नोंद विनामूल्य आहे. रुग्णाची ओळख गोपनीय ठेवली जाते.
• त्रास औषधामुळेच झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची नाही. शंका पुरेशी आहे.
• नोंद केल्यामुळे तुमचे कार्ड, मोफत औषधे किंवा योजनेतील पात्रता यांवर परिणाम होत नाही.
• डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषध बंद करू नका.

हा लेख कोणासाठी आहे?

तुम्ही दर महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी नेत असाल, क्षयरोगाचा उपचार घेत असाल, आयुष्मान भारत कार्डावर रुग्णालयात दाखल होऊन घरी आला असाल किंवा जनऔषधी केंद्रातून औषधे घेत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

औषधाने त्रास झाला तरी अनेक लाभार्थी तो सांगत नाहीत. "औषध मोफत मिळाले आहे, मग तक्रार कशी करायची?", "डॉक्टर रागावले तर?", "पुढच्या वेळी गोळ्या मिळाल्या नाहीत तर?" असे प्रश्न मनात येतात. मग काही जण त्रास सोसत गोळी घेत राहतात, तर काही जण कोणालाही न सांगता गोळी बंद करतात. दोन्हींत धोका आहे. तुम्ही जे सांगत नाही, ते डॉक्टरांना कळत नाही. डॉक्टरांना जे कळत नाही, ते सरकारपर्यंत पोहोचत नाही आणि तेच औषध घेणाऱ्या दुसऱ्या माणसाला वेळेत सावध करता येत नाही.

औषध सुरक्षा सूचना म्हणजे काय?

कोणतेही औषध बाजारात येण्यापूर्वी त्याची तपासणी होते. परंतु ती तपासणी मर्यादित लोकांवर झालेली असते. अनेक हजारांत एखाद्यालाच होणारा त्रास त्या वेळी दिसतोच असे नाही. औषध लाखो लोक घेऊ लागले, त्यांत वृद्ध, लहान मुले, गर्भवती, एकाच वेळी चार-पाच औषधे घेणारे लोक आले, की काही दुष्परिणाम नव्याने लक्षात येतात. म्हणून औषध बाजारात आल्यानंतरही त्यावर लक्ष ठेवावे लागते.

यासाठी केंद्र सरकारने जुलै २०१० मध्ये भारतीय औषध दक्षता कार्यक्रम सुरू केला. त्याला पीव्हीपीआय असेही म्हणतात. सुरुवातीला त्याचे काम नवी दिल्लीच्या एम्समधून चालत असे. एप्रिल २०११ पासून हे काम गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन म्हणजेच आयपीसी ही संस्था पाहते. देशभरातील अनेक वैद्यकीय महाविद्यालये आणि रुग्णालयांत या कार्यक्रमाची नोंदणी केंद्रे आहेत.

आलेल्या नोंदी तपासून आयपीसी डॉक्टर, परिचारिका, औषध विक्रेते आणि रुग्ण यांच्यासाठी वेळोवेळी इशारे देते. त्यांनाच औषध सुरक्षा सूचना म्हणतात. "या औषधाने असा त्रास होऊ शकतो, लक्ष ठेवा" एवढाच त्यांचा अर्थ असतो. सूचना आली म्हणजे औषधावर बंदी आली असे होत नाही.

तुमची नोंद सूचना कशी बनते?

१. तुम्ही, तुमचे डॉक्टर, परिचारिका किंवा औषध विक्रेता संशयित दुष्परिणामाची नोंद करतो.
२. नोंदणी केंद्रातील तज्ज्ञ औषध कधी सुरू केले, त्रास कधी झाला, इतर कोणती औषधे चालू होती हे पाहतात आणि औषध व त्रास यांचा संबंध किती संभवतो ते ठरवतात.
३. ही माहिती रुग्णाचे नाव उघड न करता राष्ट्रीय नोंदीत जमा होते. भारत जागतिक आरोग्य संघटनेच्या औषध देखरेख कार्यक्रमाचा सदस्य असल्याने ती स्वीडनमधील उप्साला येथील जागतिक नोंदीतही जाते.
४. एकाच औषधाबाबत सारख्या नोंदी दिसू लागल्या, तर तज्ज्ञ त्यांचा एकत्र अभ्यास करतात.
५. गरज असल्यास आयपीसी सुरक्षा सूचना देते आणि औषधाच्या माहितीपत्रकात बदल करण्याची शिफारस केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे करते. वेष्टनावर इशारा छापायचा की आणखी काही करायचे, हा निर्णय औषध नियंत्रण यंत्रणा आणि केंद्र सरकार घेतात.

दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

मेफेनॅमिक ॲसिड : पाळीतील पोटदुखी, सांधेदुखी, दातदुखी आणि तापासाठी हे औषध भारतात खूप वापरले जाते. देशातील नोंदींचा अभ्यास केल्यानंतर आयपीसीने नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस सूचना दिली, की या औषधामुळे ड्रेस सिंड्रोम नावाची तीव्र ॲलर्जी होऊ शकते. त्यात अंगावर पुरळ, ताप, गाठींना सूज आणि यकृत, मूत्रपिंड अशा आतल्या अवयवांना इजा होऊ शकते. ही ॲलर्जी क्वचित होते. परंतु ती औषध सुरू केल्यापासून दोन ते आठ आठवड्यांनीही दिसू शकते. तोपर्यंत रुग्ण ती गोळी विसरून गेलेला असतो. अशा वेळी "गेल्या दोन महिन्यांत मी ही गोळी घेतली होती" हे तुम्ही सांगितले, तरच डॉक्टरांना कारण सापडते.

पायोग्लिटाझोन : मधुमेहाच्या या गोळीमुळे मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका असू शकतो या कारणाने सरकारने जून २०१३ मध्ये तिच्या विक्रीस स्थगिती दिली. तज्ज्ञांनी पुन्हा विचार केल्यावर जुलै २०१३ अखेरीस स्थगिती उठवण्यात आली. मात्र वेष्टनावर व माहितीपत्रकात धोक्याचा इशारा छापणे आवश्यक करण्यात आले. औषधाचा फायदा आणि धोका यांचा हिशेब नव्या माहितीनुसार पुन्हा मांडला जातो, तो असा.

नोंद कोण करू शकते?

• रुग्ण स्वतः
• रुग्णाचे आई-वडील, पती-पत्नी, मुले, नातेवाईक किंवा काळजी घेणारी व्यक्ती
• आशाताई, आरोग्य सेविका, समुदाय आरोग्य अधिकारी
• डॉक्टर, परिचारिका, औषध विक्रेता

रुग्ण दगावला असल्यास नातेवाईक नोंद करू शकतात.

कोणत्या त्रासाची नोंद करावी?

औषध घेतल्यानंतर नव्याने सुरू झालेल्या कोणत्याही त्रासाची नोंद करता येते. त्रास किरकोळ असो वा गंभीर, माहितीपत्रकात आधीच छापलेला असो वा नसो. पुढील प्रसंगी नोंद अवश्य करा :

• त्रासामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले किंवा मुक्काम वाढला
• जीव धोक्यात आला किंवा मृत्यू झाला
• दिसणे, ऐकू येणे, चालणे यांत कायमचा दोष आला
• गर्भारपणात औषध घेतले आणि बाळात जन्मतः व्यंग आढळले
• औषध अगदी नवे आहे

नोंदीसाठी कोणती माहिती लागते?

सर्व माहिती नसली तरी नोंद होऊ शकते. जेवढी आहे तेवढी द्या.

• रुग्ण : नावाची आद्याक्षरे, वय, स्त्री की पुरुष. पूर्ण नाव देण्याची गरज नाही.
• औषध : नाव, ताकद (उदा. ५ मिलीग्रॅम), बॅच क्रमांक, वापराची अंतिम तारीख, दिवसातून किती वेळा घेतले, कधी सुरू केले, कधी बंद केले, कोणत्या आजारासाठी घेतले.
• त्रास : काय झाले, कधी सुरू झाले, थांबले की अजून आहे.
• इतर औषधे : त्याच काळात घेतलेली सर्व औषधे. डोकेदुखीची गोळी, आयुर्वेदिक चूर्ण, काढा, बाम, इंजेक्शन हे सर्व सांगा.
• नोंद करणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि फोन क्रमांक, म्हणजे अधिक माहिती हवी असल्यास संपर्क साधता येतो.

उपयुक्त सूचना : प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या अनेकदा पट्टी कापून किंवा कागदी पाकिटात मिळतात. बॅच क्रमांक आणि तारीख पट्टीच्या एका टोकालाच छापलेली असते. पाकिटावर औषधाचे नाव लिहून मागा. शक्य असल्यास पूर्ण पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मेडिकलमधून सुट्या गोळ्या घेतल्या तरी बिल मागा. गोळ्या संपल्या तरी रिकामी पट्टी लगेच फेकू नका.

नोंद करण्याची पद्धत

पुढीलपैकी कोणताही एक मार्ग वापरा.

पद्धत १ : फोनवर
१. कामकाजाच्या वेळेत १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फोन करा.
२. औषधाची पट्टी, डॉक्टरांची चिठ्ठी आणि केसपेपर जवळ ठेवा.
३. "मला औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करायची आहे" असे सांगा आणि विचारलेली माहिती द्या.

पद्धत २ : फॉर्म भरून
१. आयपीसीच्या संकेतस्थळावर ग्राहकांसाठीचा दुष्परिणाम नोंद फॉर्म आहे. तो मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करण्यात आला आहे. त्यामुळे तुम्ही इंदूर, वडोदरा, बेळगाव किंवा हैदराबाद येथे राहत असलात, तरी मराठीत फॉर्म भरू शकता.
२. भरलेला फॉर्म जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील नोंदणी केंद्रात द्या किंवा टपालाने पाठवा. पत्ता : इंडियन फार्माकोपिया कमिशन, सेक्टर २३, राजनगर, गाझियाबाद २०१००२.

पद्धत ३ : मोबाइल किंवा संगणकावर
आयपीसीचे एडीआर पीव्हीपीआय हे मोबाइल ॲप आणि ऑनलाइन नोंदणी प्रणाली उपलब्ध आहे. घरातील कोणी मोबाइल चांगला वापरत असेल तर त्यांची मदत घ्या.

पद्धत ४ : आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत
आशाताई, आरोग्य सेविका किंवा डॉक्टरांना त्रास सांगा आणि "याची दुष्परिणाम म्हणून नोंद करा" अशी स्पष्ट विनंती करा. केसपेपरवर "या औषधाने त्रास" असे औषधाच्या नावासह लिहून घ्या. पुढे दुसऱ्या दवाखान्यात गेल्यावर हीच ओळ तुमच्या कामी येईल.

नोंद केल्यावर काय मिळते, काय मिळत नाही?

ही नोंद देशाच्या औषध सुरक्षेसाठी आहे. तिच्यामुळे नुकसानभरपाई मिळत नाही आणि कोणावरही गुन्हा दाखल होत नाही. डॉक्टर किंवा कंपनी दोषी आहे असा तिचा अर्थ होत नाही. म्हणूनच "डॉक्टर अडचणीत येतील" ही भीती बाळगण्याचे कारण नाही. उपचारासाठी मात्र तुम्हाला डॉक्टरांकडेच जावे लागेल. नोंद हा उपचाराला पर्याय नाही.

त्रास झाला तर आधी काय करावे?

लगेच रुग्णालयात जा, बहुतेक राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते :
• श्वास घेण्यास त्रास, ओठ, जीभ किंवा चेहऱ्यावर सूज
• अंगभर गांधी उठून चक्कर किंवा बेशुद्धी
• त्वचेवर फोड येणे, कातडी सोलणे, तोंड व डोळ्यांत जखमा
• डोळे पिवळे होणे
• फिट येणे
• लघवी खूप कमी होणे किंवा बंद होणे, विशेषतः लहान मुलांमध्ये

अशा वेळी पुढचा डोस घेण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा आणि सर्व औषधे सोबत न्या.

इतर त्रासांत औषध चालू ठेवून एक-दोन दिवसांत डॉक्टरांना भेटा. काही नेहमीची उदाहरणे :

• अम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांपैकी काहींच्या पायांवर सूज येते. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात किंवा गोळी बदलून देऊ शकतात. स्वतःहून गोळी सोडल्यास रक्तदाब वाढून पक्षाघाताचा धोका निर्माण होतो.
• एनालाप्रिल घेणाऱ्या काहींना कोरडा खोकला लागतो. खोकल्याचे औषध पीत बसण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते.
• मेटफॉर्मिनमुळे सुरुवातीला मळमळ किंवा जुलाब होऊ शकतात. जेवणासोबत गोळी घेतल्यास बहुतेकांचा त्रास कमी होतो.
• क्षयरोगाच्या उपचारात रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लाल होते. ते अपेक्षित आहे, घाबरू नका. परंतु डोळे पिवळे झाले, भूक पूर्ण गेली, उलट्या होत राहिल्या किंवा एथॅम्ब्युटॉल चालू असताना नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी केंद्रात जा. क्षयरोगाचे औषध मध्येच सोडल्यास आजार औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. क्षयरोग मदत क्रमांक : १८००-११-६६६६.

एकच औषध दोन नावांनी घेत नाही ना?

रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर घरात दोन प्रकारच्या गोळ्या जमा होतात : रुग्णालयाने दिलेल्या आणि आरोग्य केंद्रातून आधी मिळालेल्या. नावे वेगळी असली तरी आतले औषध एकच असू शकते. कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत आणि औषधाचे मूळ नाव लहान अक्षरांत असले, की गोंधळ होतो. त्यामुळे दुप्पट मात्रा घेतली जाते. मधुमेहात साखर एकदम खाली येणे, रक्तदाब फार उतरून पडणे असे प्रकार यातून घडतात.

यासाठी तीन गोष्टी करा :
१. प्रत्येक पट्टीवरचे मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव वाचा किंवा वाचून घ्या. डॉक्टरांनी औषधे जेनेरिक नावाने आणि वाचता येईल अशा, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असा नियम आहे. तुम्ही तशी विनंती करू शकता.
२. आयुष्मान भारत योजनेत सुटीनंतर १५ दिवसांपर्यंतचा पाठपुरावा व औषधे समाविष्ट असतात. या काळात जुन्या गोळ्या चालू ठेवायच्या की बंद, हे सुटीच्या कागदावर लिहून घ्या.
३. पुढच्या वेळी आरोग्य केंद्रात जाताना घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून न्या आणि दाखवा.

औषध घेताना पट्टीवर काय पाहावे?

• लाल उभी रेघ : ही रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. अँटिबायोटिकच्या पट्टीवर ती दिसेल. शेजाऱ्याची उरलेली गोळी घेऊ नका.
• परिशिष्ट एच-१ मधील औषधे : क्षयरोगाची काही औषधे आणि काही अँटिबायोटिक यांत येतात. १ मार्च २०१४ पासून अशा विक्रीची नोंद, रुग्ण आणि डॉक्टर यांच्या नावांसह, दुकानदाराने वेगळ्या वहीत ठेवणे बंधनकारक आहे. त्याने चिठ्ठी मागितली तर तो नियम पाळत आहे.
• वापराची अंतिम तारीख : महिना आणि वर्ष छापलेले असते. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध वापरता येते.
• क्यूआर कोड : १ ऑगस्ट २०२३ पासून बनलेल्या, सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर तो असणे आवश्यक आहे. मोबाइलने स्कॅन केल्यास औषधाचे नाव, उत्पादक, बॅच, उत्पादनाची व वापराची अंतिम तारीख आणि परवाना क्रमांक दिसतो. छापलेली माहिती आणि मोबाइलवरची माहिती वेगळी दिसल्यास औषध घेऊ नका.

लहान मुलांबाबत विशेष सूचना

खोकला-सर्दीची औषधे : ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना दिली, की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सर्वसाधारणपणे देण्याची शिफारस नाही. त्या काळात मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याचे दूषित सिरप घेतल्याने वीसहून अधिक बालकांचा मृत्यू झाला होता. मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले गेले होते. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले, तेव्हाही कारण हेच रसायन होते. सिरप घेतल्यावर मूल सुस्त झाले, उलट्या करू लागले किंवा त्याची लघवी कमी झाली, तर बाटली घेऊन थेट रुग्णालयात जा.

सर्दीची मिश्र औषधे : क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेले औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे निर्देश डिसेंबर २०२३ मध्ये देण्यात आले.

निमेसुलाइड : हे ताप व दुखण्यावरील औषध १२ वर्षांखालील मुलांना देण्यास २०११ पासून बंदी आहे. मोठ्यांसाठी आणलेली गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका.

लसीकरण : लस दिल्यावर जोराचा ताप, फिट, खूप सूज किंवा मूल सतत रडत असल्यास आरोग्य सेविका किंवा आशाताईंना लगेच कळवा. त्याची वेगळी नोंद आरोग्य केंद्रात होते.

तक्रार कोणती, जायचे कोठे?

• औषध नेमके आहे, पण त्रास झाला : पीव्हीपीआय, १८००-१८०-३०२४.
• गोळीचा रंग बदललेला, भुगा झालेला, सिरपमध्ये गाळ, बनावट असल्याचा संशय : राज्याचे औषध प्रशासन किंवा जिल्ह्याचे औषध निरीक्षक. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन, टोल-फ्री १८००-२२२-३६५. औषध व सौंदर्य प्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार खरेदी केलेले औषध विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. बिल जपून ठेवा.
• छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले : राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण, १८००-१११-२५५.
• जनऔषधी केंद्राबाबत चौकशी किंवा तक्रार : १८००-१८०-८०८०.
• आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयाने औषधाचे पैसे मागितले : १४५५५.
• आयुर्वेद, युनानी, सिद्ध, होमिओपॅथीच्या औषधाचा त्रास : आयुष मंत्रालयाचा आयुष सुरक्षा कार्यक्रम, जवळच्या सरकारी आयुर्वेद महाविद्यालयात चौकशी करा.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : त्रास नक्की औषधानेच झाला का, याची मला खात्री नाही. तरी नोंद करू का?
उत्तर : हो. संबंध आहे की नाही हे तपासणे तज्ज्ञांचे काम आहे.

प्रश्न : मला लिहिता-वाचता येत नाही.
उत्तर : फोनवर नोंद करा किंवा आशाताईंची मदत घ्या. तुमच्या वतीने घरातील व्यक्तीही नोंद करू शकते.

प्रश्न : त्रास होऊन दोन महिने झाले. आता उशीर झाला का?
उत्तर : नोंद करता येते. मात्र लवकर केल्यास तारखा आणि औषधाची पट्टी हाताशी असते.

प्रश्न : जनऔषधी केंद्रातील स्वस्त औषध कमी दर्जाचे असते का?
उत्तर : किंमत कमी म्हणजे दर्जा कमी असे नाही. ही औषधे जेनेरिक असल्याने आणि सरकारी खरेदीमुळे स्वस्त असतात. प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासल्यानंतरच केंद्रांवर येते. गोळीचा रंग किंवा आकार पूर्वीच्या गोळीपेक्षा वेगळा असू शकतो. तरीही त्रास झाला, तर इतर औषधांप्रमाणेच नोंद करा.

प्रश्न : माझी गोळी "धोकादायक" असल्याचा संदेश व्हॉट्सॲपवर आला. काय करू?
उत्तर : गोळी बंद करू नका. संदेश डॉक्टरांना किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना दाखवा. खऱ्या सूचनेत औषधाचे मूळ नाव आणि सूचना देणारी सरकारी संस्था स्पष्ट असते. एखादी बॅच मागे घेतली असल्यास बॅच क्रमांकही दिलेला असतो. तो तुमच्या पट्टीवरील क्रमांकाशी जुळवून पाहा.

प्रश्न : मी गरोदर आहे. डोकेदुखीची गोळी मेडिकलमधून घेतली तर चालेल का?
उत्तर : गर्भारपणात आणि बाळाला अंगावर पाजत असताना कोणतेही औषध डॉक्टर किंवा आरोग्य सेविकेला विचारल्याशिवाय घेऊ नका. दुकानदारालाही तुम्ही गरोदर असल्याचे सांगा.

प्रश्न : एकदा एका औषधाची ॲलर्जी झाली होती. पुढे काय काळजी घ्यावी?
उत्तर : त्या औषधाचे जेनेरिक नाव एका कागदावर लिहून आयुष्मान कार्डासोबत ठेवा आणि घरातील एका व्यक्तीला पाठ करून ठेवायला सांगा. प्रत्येक नव्या डॉक्टरांना, दंतवैद्यालाही, चिठ्ठी लिहिण्यापूर्वीच ते दाखवा.